डोंगर-पाणी आणि तीनची शिफ्ट

आमच्या कुत्रीने भावकीतल्या पुतण्याला मोटरसायकलवरून पाडलं, तेव्हा मी गिरणीवर नाचणी दळत होते. गिरणी चालू असली की मला बाहेरचं काही ऐकू येत नाही. दाराशी उभ्या असलेल्या बाईने हातवारे केले म्हणून बटण बंद करून बाहेर आले, तर रस्त्यावर गाडी आडवी, पुतण्या कोपर धरून बसलेला, डब्यातली भाजी डांबरावर सांडलेली आणि आमची कुत्री ती भाजी मन लावून चाटतेय. चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नाही. उलट मला बघून तिने शेपूट हलवली.

हाड मोडलं नव्हतं, नुसतं सोलवटलं होतं. पण पोरगा दुपारच्या शिफ्टला निघालेला, त्याचा खाडा झाला आणि वरच्या वाडीपर्यंत बोंब गेली. महाडहून वरंधकडे जाणारा रस्ता आमच्या अंगणाला घासून जातो. औद्योगिक वसाहत जवळ, त्यामुळे शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटरसायकली एकामागून एक अंगणावरून जातात. आमची कुत्री त्यातल्या एकीलाही सुखाने जाऊ देत नसे. दिसली गाडी की सुटली मागे, पार वळणापर्यंत.

संध्याकाळी भावकीतले दोघे-चौघे पडवीत येऊन बसले. आमचे हे कंपनीत बॉयलरवर असतात. दिवसभर वाफेशी झुंजतात, पण माणसांसमोर लगेच विरघळतात. त्यांनी चहा प्यायच्या आत शब्द देऊन टाकला, की गणपती झाले की कुत्री वरंधला बहिणीकडे पाठवतो. माझ्या नणंदेकडे शेळ्या आहेत, राखणीला कुत्रं लागतंच. मी आत चहा गाळत होते. मला कुणी विचारलं नाही. गाळणं मी इतक्या जोरात आपटलं, की चहा ओट्यावर उडाला.

नणंदेच्या घरी कुत्रं कसं ठेवतात ते मला ठाऊक होतं. गोठ्याच्या खांबाला साखळी, सकाळ-संध्याकाळ भाकरी, बस. आधीच्या कुत्र्याने साखळीच्या टप्प्यात जमिनीवर गोल वाट पाडली होती. वाईट माणसं नाहीत ती, त्यांच्याकडे कुत्रं म्हणजे कुलूप. पण माझी कुत्री कुलूप नव्हती. मुलगी शिकायला पुण्याला गेली, यांच्या शिफ्टा बदलत्या, सासूबाई दुपारी आडव्या होत, तेव्हा गिरणीपाशी माझ्या पायाशी पीठ अंगावर घेत पडून राहणारी ती एकच होती. संध्याकाळी अंग झाडायची तेव्हा पिठाचा ढग उठायचा. तिच्याशिवायची दुपार मला डोळ्यांसमोर आणवेना. रात्री यांच्याशी भांडले आणि एवढंच कबूल करून घेतलं, की गणपतीपर्यंत ती सुधारली तर जाणार नाही. "सुधारव," हे म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

आषाढ नुकताच लागला होता. हातात वेळ होता आणि अक्कल नव्हती.

मी सुरुवात आपल्या पद्धतीने केली, म्हणजे ओरडून. गाडी दिसली की अंगणातून तिच्या नावाने बोंब ठोकायची. तिला नाव होतं; पण ते हाक मारायला कमी आणि शिव्यांच्या पुढे जोडायला जास्त वापरलं जाई. ती काही थांबेना. मग मी केरसुणी घेऊन मागे धावायची, ती पुढे. विहिरीला वळसा, पेंढ्याच्या उडवीला वळसा, परत अंगणात. मी धापा टाकत थांबले की तीही थांबायची आणि पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून माझ्याकडे बघायची. हा माज आहे असं मी समजत होते.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार. तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीला कुत्री शिकवायचा नाद होता, त्यामुळे हिलाही थोडं कळत होतं. ती म्हणाली, "आई, ती तुझ्याशी खेळतेय. तू तिच्यामागे धावतेस, तिला वाटतं हाच खेळ. आणि एरवी तू तिच्याशी बोलतेस ते तिला गिरणीसारखं वाटत असेल, चालूच असतं. ती तुझ्याकडे बघेल असं तू काय करतेस?"

मला राग आला. पंचेचाळीस वर्षांच्या बाईने कुत्रीने आपल्याकडे बघावं म्हणून काही करायचं असतं, हे मला नवीनच होतं. फोन ठेवला आणि दिवसभर धुसफुसत राहिले. पण दुसऱ्या दिवशी दळता दळता लक्षात आलं, की हिला मी हाक कधी मारते? बांधायची असली की. गोचिडी काढायच्या असल्या की. औषध पाजायचं असलं की. मीच काय, अख्खी वाडी कुत्र्याला 'यू यू' करते आणि आलं की मानगूट धरते. मी तिच्या जागी असते तर मीही वळणापर्यंत पळाले असते.

आणि गाड्यांचं म्हणाल तर ते आम्हीच शिकवलं होतं. परसात वानरांची टोळी उतरली की आम्ही सगळे पडवीतून ओरडायचो, छू, धर, धर. ती उधळत जायची, वानरं झाडावर, आणि मग तिचं केवढं कौतुक. ज्या पुतण्याला तिने पाडलं, त्याच्या आईच्या केळी हिनेच राखल्या होत्या. पळणाऱ्याच्या मागे लागलं की शाबासकी, हे तिला पक्कं ठाऊक. वानर कुठलं आणि मोटरसायकल कुठली, हा फरक तिला कुणी समजावला होता?

मुलीला परत फोन लावला, तेव्हा तिने पहिला खेळ सांगितला तो नजरेचा. मुठीत खाऊ धरायचा. ती हुंगेल, चाटेल, पंजे मारेल, आपण ढिम्म राहायचं. ज्या क्षणी ती मूठ सोडून आपल्या तोंडाकडे बघेल, त्या क्षणी शाब्बास म्हणून मूठ उघडायची. तिकडे पुण्यात कसली कसली बिस्किटं मिळतात म्हणे. मी महाडच्या बाजारातून सुकट आणली. पण कुत्रीने मूठ हुंगली, एक जांभई दिली आणि जाऊन गिरणीखाली झोपली.

चार दिवस हेच. सुकटीला नाही म्हणणारी कुत्री मी जन्मात पाहिली नव्हती. आजारी असेल म्हणून पोट चाचपलं तर ते ढोलासारखं टम्म. मग एका सकाळी लवकर मागच्या दारी गेले, तर सासूबाई तिला भाकरी कुस्करून घालत होत्या, वर कालवण ओतून. मी विचारलं तर त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"तू तिला शिकवाया घेतेस ना," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटी कामाला लावू नाय गो कुणाला. जनावर हाय ती."

आमच्या घरात लावणीला आलेल्या बायकांना आधी पेज पाजल्याशिवाय सासूबाई चिखलात पाय ठेवू देत नाहीत. गवंडी येवो, वायरमन येवो, आधी पोटाला. तोच न्याय त्यांनी कुत्रीला लावला होता, आणि मी भरल्या पोटाच्या बाईसमोर मूठभर सुकट नाचवत होते. मला हसू आलं आणि डोकंही फिरलं. मी त्यांना समजावलं, की हे काम नाही, खेळ आहे; भाकरी तेवढीच द्यायची, पण खेळाच्या नंतर, आणि थोडी थोडी हातातून. नंतरची भाकरी त्यांच्याच हातून द्यायची, यावर त्या तयार झाल्या. तरी दोन दिवस माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी माहेरवाशिणीला उपाशी ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी कुत्रीने मुठीला पंजे मारले, हाताला ढुशी दिली, मग वैतागून मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. भुवयांवर पीठ, कान पुढे. मी शाब्बास म्हणायचंच विसरले. इतकी वर्षं ती माझ्या पायाशी होती, पण मला काय हवंय हे विचारणारी नजर मी पहिल्यांदा पाहिली.

मग चटक लागली, तिला आणि मला. दुसरा खेळ उलट्या पळण्याचा. तिच्यामागे धावायचं नाही, तिला हाक मारून आपणच पाठमोरं पळत सुटायचं. ती गाठते, खाऊ मिळतो आणि लगेच परत मोकळी. हाक मारली तरी बांधत नाहीत, हे तिला पटायला आठवडा गेला. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची मी वेणी घातली. तिची एक बाजू तिच्या तोंडात, एक माझ्या हातात, अशी रस्सीखेच. ती गुरगुरायची, मीही गुरगुरायची. पाऊस जोराचा असला की पडवीत लपाछपी. मी तांदळाच्या कणगीमागे उभी राहून शीळ घालायची आणि ती घरभर हुंगत यायची. एकदा तिला मी सापडेना, तर सासूबाईंनी आपण होऊन बोट दाखवलं. त्या तिच्या बाजूने होत्या.

हे सगळं रस्त्यावरून दिसत होतं, हे सांगायलाच हवं. पदर खोचून अंगणात उलटी पळणारी, कुत्रीशी गुरगुरणारी बाई बघायला बसचे ड्रायव्हर गाडी हळू करू लागले. दळण घेऊन आलेल्या बायका ज्वारी उतरवून तिथेच बसू लागल्या. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी लाजून आवाज चोरला की कुत्री लगेच दुसरीकडे बघायची. तिला अर्धामुर्धा खेळ चालत नसे. आणि खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. लग्न झाल्यापासून मी घाईने पुष्कळ धावले होते, उगाच म्हणून धावले नव्हते. सुक्या मासळीचा दुकानदार, आखातात बरीच वर्षं काढून आलेला, एकदा म्हणाला, "काकी, एवढी सुकट? घरात मांजरं पाळली काय?" मी म्हटलं, "कुत्रीला शाळेत घातलंय." त्याने मूठभर वर टाकली.

गाड्यांवरचा इलाज मात्र माझा स्वतःचा. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. लहानपणी आम्ही भाताच्या मळ्यांत डोंगर-पाणी खेळायचो. राज्य असलेला ओरडला 'डोंगर' की सगळ्यांनी बांधावर चढायचं, 'पाणी' म्हटलं की खाली खाचरात उतरायचं. चुकला त्याच्यावर राज्य. अंगणाच्या कडेला आमचा धुण्याचा दगड आहे, गुडघ्याएवढा उंच. मी आधी सुकट दाखवून तिला त्यावर चढवलं. मग नुसतं 'डोंगर' म्हटलं की ती उडी मारून वर, आणि माझ्याकडे नजर. 'पाणी' म्हटलं की खाली. मग लांबून सायकल जाताना डोंगर. मग एखादीच मोटरसायकल, शेवटी बस. वर चढून ती थरथरायची, नाक रस्त्याकडे, पण डोळे माझ्याकडे लागलेले. बस जायची. मी पाणी म्हणायचे, आणि लुगड्याची वेणी घेऊन आम्ही अंगणभर हुंदडायचो. श्रावण संपेपर्यंत तीनची शिफ्ट सुटायच्या वेळी तीच मला गिरणीतून ओढून न्यायला लागली होती.

मग गणपती आले आणि सगळ्यावर पाणी पडलं. घरात मुंबईची वीस माणसं, गिरणीवर मोदकाच्या पिठाची रांग, फटाके, टाळ-ढोलकी. खेळाला कुणाला फुरसत नाही. आणि पाहुण्यांची मुलं तिला खुशाल रस्त्याकडे चेंडू फेकत होती. गौरी गेल्या त्या दुपारी मी आरतीचं तबक घासत होते आणि ती तीनच्या बसमागे सुटली, भुंकत, पार वळणापर्यंत. वळणावर नेमका पुतण्या उभा. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "काकी, तुमी लय केलात," तो म्हणाला. "पन हिला नाय जमायचं." यांनी त्याच संध्याकाळी वरंधला फोन लावला.

मी दोन दिवस कुत्रीशी बोलले नाही. रुसून काय उपयोग, ते मला कळत होतं, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दुपारी मी दळत असताना पायाला ओलं लागलं. खाली बघितलं तर तिने लुगड्याची वेणी कुठूनतरी शोधून, तोंडात धरून आणली होती आणि माझ्या पायावर ठेवली होती. मागे सरकून बसली आणि बघत राहिली. गिरणीसमोर चार बायका खोळंबल्या होत्या. मी बटण बंद केलं आणि तिला घेऊन अंगणात गेले. आता ती राहो की जावो, जाईपर्यंत तरी तिला कुणीतरी खेळायला असावं, एवढंच मनात होतं.

नणंदेचे यजमान पुढच्या आठवड्यात पिकअप घेऊन आले. मागे नवी दोरी, नवा पट्टा. सासूबाईंनी जावयाला पडवीत बसवलं, चहा ठेवला, पोहे टाकले. त्या दिवशी त्यांनी पोह्यांना इतका वेळ लावला, की मी दोनदा आत डोकावले. हे खाली मान घालून बसले होते. मी कुत्रीला म्हटलं, चल, आणि अंगणात घेऊन गेले. हातात ना सुकट होती ना वेणी. शेवटचं म्हणून तिच्याबरोबर उभं राहायचं होतं.

तीनची सुटली. आधी बस आली. तिचे कान उभे राहिले, अंग ताठ झालं. मला 'डोंगर' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. बसमागून पुतण्याची मोटरसायकल वळणावरून आली. कुत्री सुटली, अंगणाच्या टोकापर्यंत गेली. पडवीत जावई उठून उभे राहिले. आणि तिथे, रस्त्यापासून हातभर अंतरावर, ती थांबली. मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं. मग परत फिरली, धावत आली, धुण्याच्या दगडावर चढली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

पुतण्याने पुढे जाऊन गाडी थांबवली. मागे वळून बराच वेळ बघत होता. मग त्याने गाडी फिरवली आणि मुद्दाम, रेस वाढवत, भर्रकन परत अंगणावरून गेला. ती थरथरली, पण दगडावरून हलली नाही. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा हॉर्नही वाजवत होता आणि दात काढून हसत होता. पडवीसमोर गाडी लावून त्याने यांना सांगितलं, की काका, माझी काय तक्रार नाय आता, ठेवा तिला.

मी दगडापाशी खाली बसले आणि रडले. तिने माझं तोंड चाटलं, मग कान चाटले.

रिकाम्या गाडीने जावयाला कसं पाठवायचं, म्हणून सासूबाईंनी मांडवावरच्या तवशी-काकड्या काढल्या, दोन भोपळे काढले, तांदळाची पिशवी भरली आणि दोरीशेजारी ठेवून दिली. ते हसत निघून गेले. पिकअप वळणाआड गेल्यावर सासूबाई ठरल्याप्रमाणे भाकरी घेऊन अंगणात आल्या आणि कुत्रीला तुकडा तुकडा भरवायला लागल्या.

"हाक कवा मारलीस गो तिला?" त्यांनी विचारलं. "मला काय ऐकू नाय आली."

"मारलीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी एकदा कुत्रीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उरलेली अख्खी भाकरी तिच्यापुढे ठेवली.